नाणे खरेच आहे
(व्याख्यानाचे शब्दांकन)



येथे येण्यापूर्वी एका किराणा दुकानात दहा रुपयांचे नाणे पुढे केले. दुकानदाराने ते हसून परत दिले. "साहेब, हे चालत नाही. यावर रुपयाचे चिन्हच नाही." नाणे उलटून पाहिले आणि थबकलो. त्यावर डॉ. होमी भाभांची मुद्रा होती.

नाणे खरेच आहे. २००८-०९ या त्यांच्या जन्मशताब्दी वर्षानिमित्त भारत सरकारने ते काढले. रुपयाचे चिन्ह स्वीकारले गेले २०१० साली. मग ते त्यावर असणार कसे? चिन्हासह असो वा चिन्हाविना, दोन्ही नाणी वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आणि त्यानंतरही स्पष्ट केले. तरी अफवा हटत नाही. ज्याच्या सन्मानार्थ नाणे पाडले, त्यालाच आपण गल्ल्यावरून परत पाठवतो!

मी दुकानदाराला दोष देत नाही. कलाशाखेचा पदवीधर असलेल्या मलाही भाभा म्हणजे 'अणुबॉम्बवाले' एवढेच ठाऊक होते. पत्रकारितेत आल्यावर त्यांच्या मार्च १९४४ च्या पत्राविषयी वाचले. देश परतंत्र, महायुद्ध पेटलेले, हिरोशिमा घडायला सतरा महिने अवकाश. आणि हा चौतीस वर्षांचा मुंबईकर दोराबजी टाटा न्यासाला लिहितो की, एक-दोन दशकांत अणुशक्तीपासून वीज निघू लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे पाहावे लागू नये. त्यातूनच १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनचे होते, हे लपवण्याचे कारण नाही. भट्टी मात्र आपल्या अभियंत्यांनी बांधली. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतल्या थोरियमवर उद्याची वीज निर्माण करण्याची त्रिस्तरीय योजनाही त्यांचीच. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील कल्पाक्कमच्या अणुभट्टीचा गाभा भरण्यास मार्च २०२४ मध्ये प्रारंभ झाला. भाभा तर २४ जानेवारी १९६६ रोजीच माँ ब्लाँवरील विमान अपघातात गेले.

मलबार हिलवरील त्यांच्या 'मेहरांगीर' बंगल्याचे स्मारक व्हावे, अशी भाभा अणुसंशोधन केंद्रातील कर्मचाऱ्यांची मागणी होती. २०१४ मध्ये तो ३७२ कोटी रुपयांना लिलावात गेला, पुढे पाडला गेला. सर्वसामान्यांच्या हाती उरले ते हे दहा रुपये.

परतताना त्याच दुकानात पुन्हा जाणार आहे, नाणे घेऊन. तोवर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी व्यासपीठापाशी यावे.