भागीदार कोण आणि हेल्पर कोण?

(मुर्धा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)

आजच्या बैठकीचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. धंदा कोणत्या कायदेशीर स्वरूपात उभा करावा, ही चर्चा वकिलाच्या कचेरीत व्हावी. श्रमिकांच्या पक्षाच्या बैठकीत तिचे काय काम, असे एका जुन्या साथीने मला वाटेतच विचारले. त्याला जे उत्तर दिले तेच येथे थोडे विस्ताराने सांगतो.

भाईंदरहून उत्तनकडे निघाले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकापाठोपाठ एक लागतात. येथील मागच्या पिढ्या मिठागरांत आणि भातशेतीत राबल्या. आजची पिढी वायरिंग, प्लंबिंग, रंगकाम शिकून भाईंदर-मीरा रोडच्या नव्या इमारतींत ठेकेदाराच्या हाताखाली राबते. ठेकेदार बिल्डरकडून चौरस फुटावर काम घेतो आणि यांना रोजावर ठेवतो. मधला फरक कोठे जातो हे या बैठकीत सांगायला नको. या परिसरातील चार तरुणांनी, दोन वायरमन, एक प्लंबर आणि एक रंगारी, ठेकेदाराला सोडून स्वतःच कामे घेण्याचे ठरविले आहे. ते माझ्याकडे आले ते इतकेच विचारायला, की बोर्डावर नाव कोणाचे घालायचे?

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. नाव कोणाचे, यातच नफा कोणाचा, कर्ज कोणाचे आणि उद्या मालक कोण, हे सारे ठरते. मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाची किंमत निरनिराळ्या माणसाला मोजावी लागते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकाच्या नावावर धंदा. त्याचे पॅन कार्ड, त्याचे बँकेतील खाते, त्याची सही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार थोडेच असतील तर केवळ सूचना दिली की पुरते. चौघांचा पहिला विचार हाच होता. ज्याला हिशेब जमतो त्याच्या नावाने काम घ्यायचे आणि पैसे आपसांत वाटायचे. मैत्री आहे तोवर हे चालते. परंतु कायद्याच्या दृष्टीने बोर्डावरचा एकटाच धंद्याचा मालक असतो, आणि उरलेले तिघे फार तर त्याचे रोजंदार. ज्या ठेकेदाराला हे तरुण कंटाळले, त्यानेही बहुधा अशीच सुरुवात केली असावी.

दुसरा मार्ग भागीदारीचा. 1932 चा भारतीय भागीदारी कायदा मोठा मजेशीर आहे. नफा वाटून घेण्याच्या कराराने धंदा चालवला की भागीदारी झाली; त्याला कागद लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. मात्र कलम 69 मध्ये या मोकळीकीची शिक्षा ठेवली आहे. नोंदणी नसलेल्या फर्मला धंद्यातील कराराच्या आधारे बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरच्याला मात्र फर्मवर दावा लावता येतो. बिल्डरने चौघांचे बिल बुडवले, तर त्याच्या दारात उभे राहून हात जोडणे एवढाच उपाय उरतो. उलट काम निकृष्ट झाले म्हणून बिल्डर यांना खुशाल कोर्टात खेचील. नोंदणी मागाहून करून नवा दावा लावता येतो हे खरे, परंतु केलेल्या कामाच्या पैशासाठी मुदत तीन वर्षांची, आणि "पुढच्या महिन्यात बघू" या वायद्यांवर तीन वर्षे कशी जातात ते बांधकामातील माणसाला विचारा.

महाराष्ट्राने तर 1984 साली या कलमात दुरुस्ती करून आणखी एक दार बंद केले होते. नोंदणी नसेल तर भागीदाराला आपल्याच फर्मचे विसर्जन किंवा हिशेब मागण्याचा दावाही करता येऊ नये, असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली ती 2009 साली. म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे या राज्यात तोंडी विश्वासावर भागीदार झालेला कारागीर स्वतःचा हिस्साही मागू शकत नव्हता, आणि त्याची खंत आपल्या चळवळीत फारशी कोणी बोलून दाखवल्याचे मला स्मरत नाही.

नोंदणी केली तरी भागीदारीतील मोठा धोका उरतोच. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि वेगवेगळाही जबाबदार असतो. सावकार चौघांच्या मागे हिशेबाने लागत नाही; ज्याच्याकडे काही सापडेल त्याच्याकडून सगळी रक्कम वसूल करतो. आपल्या तरुणांकडे काय सापडेल? हातोडी, ड्रिल मशीन, एखादी मोटारसायकल, आणि भावाबहिणींत अजून वाटप न झालेल्या घरातला हिस्सा. या गावांत जमिनीचे भाव कोठे गेले आहेत ते आपण जाणता. वायरच्या उधारीपायी त्या हिश्श्यावर जप्ती आली, तर ज्या भावाने बोर्ड पाहिलाही नाही त्याच्या दाराशी भांडण येते. शिवाय भांडून बाहेर पडलेल्या भागीदाराने तशी जाहीर नोटीस दिली नाही, तर तो गेल्यानंतरच्या उधारीलाही बांधलेला राहू शकतो.

यावर तोडगा म्हणून मर्यादित जबाबदारीची रूपे पुढे केली जातात. 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारी आली. 2013 च्या कंपनी कायद्याने एका माणसाची कंपनीही शक्य केली. यांत धंद्याचे देणे सामान्यतः धंद्यापुरतेच राहते. हा बुरखा भांडवलदारांनी आपल्यासाठी शिवला म्हणून कारागिरांनी तो वापरू नये, असे मला मुळीच वाटत नाही. मोठ्यांची घरे वाचवणारा कायदा लहानांचे घरही वाचवू शकतो. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बँक कर्ज देताना बहुधा व्यक्तिगत हमी मागते, आणि त्या सहीबरोबर तेवढ्या कर्जापुरता बुरखा गळून पडतो. दुसरे, कंपनीला उलाढाल कितीही लहान असो, लेखापरीक्षण चुकत नाही. मर्यादित दायित्व भागीदारीला उलाढाल 40 लाखांच्या किंवा भागीदारांचे भांडवल 25 लाखांच्या वर जाईपर्यंत त्यातून सूट आहे, पण दरसालची विवरणपत्रे तिलाही चुकत नाहीत.

आता आपल्या आवडत्या उत्तराकडे येतो. अशा वेळी आपला कार्यकर्ता डोळे मिटून "सहकारी संस्था काढा" असे सांगतो. मीही वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याला किमान दहा माणसे लागतात आणि तीही निरनिराळ्या कुटुंबांतील. येथे आहेत चार, आणि त्यांतले दोघे सख्खे भाऊ. उरलेली नावे भरण्यासाठी मावशी-काकूंच्या सह्या गोळा केल्या की संस्था पहिल्याच दिवशी खोटी होते. मजुराने कधी फावडे धरले नाही अशा मजूर संस्था या राज्यात पुष्कळ पाहिल्या. आणखी एक नको.

गिरगावचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 15 मार्च 1959 रोजी सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. त्यांनी नोंदणी केली ती 1966 साली, आणि तीही कंपनी म्हणून नव्हे, सहकारी संस्था म्हणूनही नव्हे, तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. विकत घेता येईल असा शेअरच नसल्याने बाहेरच्या पैसेवाल्याला आत शिरायला फट राहिली नाही. पापड लाटणारी प्रत्येक बहीण सहमालक, ही रीत आधी पडली आणि कायद्याचे कपडे तिच्या मापाने नंतर शिवले गेले. आपण उलट करतो; कपडे आधी आणतो आणि माणसे शोधत फिरतो.

म्हणून चौघांना मी असे सुचविले. तूर्त तुम्ही लेबर रेटने कामे घेता, माल घरमालकाचा किंवा बिल्डरचा असतो, उधारी नाही. तोवर लेखी भागीदारीपत्र करा आणि फर्म नोंदवा. ज्या दिवशी मालासकट ठेका घ्यायचा विचार येईल, त्या दिवशी पहिली ऑर्डर देण्यापूर्वी मर्यादित दायित्व भागीदारीत जा. फर्मला पहिल्या रुपयापासून 30 टक्के प्राप्तिकर आहे, परंतु काम करणाऱ्या भागीदारांचा पगार ठरावीक मर्यादेपर्यंत वजा होतो. तो भागीदारीपत्रात लिहिलेला असला पाहिजे, म्हणून तो आजच लिहा.

हे बोलत असताना दारात एक पाचवा मुलगा उभा होता. वायरची बंडले खांद्यावरून चढवणारा, भिंतीला खाचा पाडणारा. त्याला सगळे हेल्पर म्हणतात. त्याचे काय, असे मी विचारले तेव्हा एकाने चटकन सांगितले, "त्यालाही भागीदार लिहून टाकू, मग पी.एफ.-विम्याची कटकट नको." साथींनो, ही वाट मला नफेखोरीहून अधिक घातक वाटते. कामावरील अपघाताची भरपाई मालकावर टाकणारा कायदा या देशात 1923 साली झाला आणि तो हक्क 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आला. परंतु तो कामगाराचा हक्क आहे. कागदावरचा भागीदार परांचीवरून पडला तर भरपाई कोणाकडे मागणार? आणि हिस्सा न देता नाव मात्र लिहिले, तर फर्मच्या कर्जाला त्याची झोपडीही बांधली गेली.

तो आज कामगार असेल तर त्याला कामगाराचे सगळे हक्क द्यावेत, हजेरीपत्रक ठेवावे. आणि उद्यासाठी आणखी एक गोष्ट करता येते. भागीदारी कायद्याच्या कलम 31 प्रमाणे नवा भागीदार घेण्यास सर्वांची संमती लागते, परंतु भागीदारीपत्रात आधीच निराळे ठरवून ठेवता येते. तीन वर्षे काम केलेल्या हेल्परला, त्याची इच्छा असल्यास, ठरलेल्या हिश्श्यासह भागीदार करून घ्यावे, असे कलम मी मसुद्यात घातले आहे. असे पुढे दहा जण खरोखर झाले तर सहकारी संस्थेचा अर्ज मी स्वतः निबंधकाकडे घेऊन जाईन.

मसुदा चौघांकडे आहे. दोघांनी त्या कलमावर होकार दिला आहे. उरलेले दोघे, दोन्ही वायरमन, येत्या रविवारी सांगतो म्हणाले आहेत.