चिमणीचं घर आणि आमची एक चूक

 एरवी या कार्यक्रमात मी हप्ता, व्याज आणि गटाचं रजिस्टर यावर बोलते. आज मात्र घरावर बोलणार आहे. घर आपलं नाही, चिमणीचं.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, भिंतीत देवळ्या. तुळई आणि भिंत यांच्या सांदीत चिमण्यांची वस्ती असायची. काडीकचरा खाली पडायचा, मी रोज झाडताना कुरकुर करायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, माहेरवाशिणी आहेत त्या, चार दिवस राहतील नि जातील."

मग आम्ही स्लॅबचं घर बांधायला घेतलं. मार्च महिना होता. मिस्त्री रोजावर, पावसाळ्याआधी काम उरकायची घाई. तुळई काढली तेव्हा सांदीतून घरटं खाली आलं. त्यात तीन पिल्लं होती, पंखसुद्धा फुटले नव्हते. आम्ही ती टोपलीत ठेवून लांब लिंबाखाली नेली. चिमणी मात्र जुन्या भिंतीपाशीच घिरट्या घालत राहिली, टोपलीकडे फिरकली नाही. दोन दिवसांत पिल्लं गेली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मलाही कळलं की टोपली तिथेच, त्याच भिंतीजवळ टांगायला हवी होती.

नवीन घर झालं. गुळगुळीत भिंती, सरळ स्लॅब, कुठे एक सांद नाही. चिमण्या यायच्या, खिडकीच्या गजावर बसायच्या, इकडेतिकडे बघायच्या नि निघून जायच्या. चिऊकाऊच्या गोष्टीत चिऊ आपल्या घरात दार लावून बसते. आता चिऊच दारात उभी होती.

२०१० पासून दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. त्याची सुरुवात करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे. शाळेत त्या दिवसाचा कार्यक्रम झाला, मुलीने घरी येऊन सांगितलं, आणि मी उत्साहाने विषय गटाच्या बैठकीत मांडला. एक ताई पटकन म्हणाली, "इथं घराच्या उताऱ्यावर माझं नाव नाही, नि चिमणीला घर?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

तरी आम्ही ठरवलं, करून बघू. इथे चूक माझी झाली. पैसे वाचावेत म्हणून मी सुचवलं, तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे घ्या, भोक पाडा नि टांगा. बाराजणींनी डबे लावले. एकीच्या डब्यात खरंच चिमणी आली. आमच्या आनंदाला पारावार नाही. पण एप्रिलचं ऊन तापलं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पुढच्या बैठकीला ती ताई डबा घेऊनच आली, माझ्यापुढे ठेवला नि म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून लावला होता." आत पिल्लं वाळून गेली होती.

मैत्रिणींनो, पत्र्याच्या घरात दुपारी आपला जीव कासावीस होतो. हे आपल्याला माहीत असून मी चिमणीला पत्र्यात घातलं. त्याच बैठकीत आम्ही सगळे डबे उतरवले. मग पक्ष्यांची माहिती असलेल्या एका शिक्षकांना विचारून नव्याने शिकलो. ते आता तुम्हाला सांगते, म्हणजे तुमच्याकडून तरी ही चूक होणार नाही.

पहिलं म्हणजे सामान. पत्रा नको, प्लास्टिक नको. फळांच्या खोक्याच्या फळ्या चालतात, नाहीतर मातीचं मडकं. लाकडाला आतून रंग किंवा पॉलिश लावू नका.

दुसरं माप. तळ साधारण ५ इंच लांब, ५ इंच रुंद. उंची ८ ते ९ इंच. दाराचं भोक सव्वा इंचाचं, तळापासून ५ ते ६ इंच वर. मोजपट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं फळीवर ठेवा, त्याभोवती रेघ ओढा आणि भोक त्या रेघेपेक्षा किंचित मोठं करा. जास्त मोठं केलं तर साळुंकी घर बळकावते, कावळ्याचीही चोच आत जाते. दारापुढे बसायला काडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, शत्रूला मात्र उभं राहायला जागा होते. वर कडेला दोन-तीन बारीक छिद्रं हवेसाठी, तळाला दोन-तीन पाणी निथळायला. मडकं असेल तर ते आडवं, पक्कं बांधा. ते हलता कामा नये. झाकण किंवा एक बाजू उघडता येईल अशी ठेवा, साफसफाईला बरं पडतं.

तिसरी जागा. जमिनीपासून ८ ते १० फूट उंच, ओसरीच्या किंवा छपराच्या सावलीत. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. मांजराला उडी मारता येईल अशी भिंत किंवा फांदी जवळ नको. आणि घरात छताचा पंखा असेल तर त्या खोलीत मुळीच लावू नका.

चौथं, धीर. चिमणी लगेच येत नाही. आमच्या सासूबाईंचं मडकं पहिलं वर्षभर रिकामंच होतं. आत दाणे टाकू नका, रोज डोकावू नका. अंडी घातल्यावर साधारण बारा-तेरा दिवसांत पिल्लं निघतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत उडून जातात. घरटं खरंच रिकामं झालं याची खात्री करूनच ते साफ करा, तोंडाला पदर बांधून.

आता काही जणी म्हणतील, चिमणी ज्वारीची कणसं खाते, तिचे लाड कशाला? खाते, खरं आहे. पण पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते. म्हणून तर हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षी थांबे लावायला सांगतात. परसात सगळीकडे औषध फवारलं, तर डबा कितीही चांगला असला तरी पिल्लाला भरवायला काही उरत नाही. एक कोपरा बिनफवारणीचा ठेवा. तिथे मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा आणि रोज बदला, नाहीतर डास होतील.

त्याच कोपऱ्यात आणखी दोन सोप्या गोष्टी करता येतात. वेळूचे वीतभर तुकडे घ्या, एका टोकाला पेर राहू द्या, जुडी बांधून पावसापासून आडोशाला टांगा. पोळं न करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्यात अंडी घालतात. त्या सहसा डंख मारत नाहीत आणि तुरीच्या फुलांवर चांगलं काम करतात. आणि फुटकं मडकं ओलसर सावलीत पालथं घाला, बेडूक राहायला येतो. तो किडे खातो. मात्र हे घराच्या उंबऱ्यापासून लांबच करा, कारण बेडकामागे साप येऊ शकतो.

आता लोक आमच्याकडे लाकडी घरटी मागायला येतात. गटाला थोडे पैसेही मिळतात. पण आम्ही एक नियम केला आहे. घेणाऱ्याला आधी विचारायचं, कुठे लावणार? उन्हात लावणार म्हणाला तर विकायचं नाही. हा नियम त्याच डबा घेऊन आलेल्या ताईने सुचवला. आणि उताऱ्याबद्दल बोललेल्या ताईचं म्हणायचं तर, पुढच्याच महिन्यात बैठकीत घरावर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा विषय आम्ही घेतला. तिघींचे अर्ज ग्रामपंचायतीत गेले आहेत. तिचा पहिला.

सासूबाईंच्या मडक्यात यंदा चिमणी आली. काडीकचरा पडतो, मी झाडते. आता कुरकुर करत नाही.