फोटोंचेही दान करूया
(मंडळाच्या सभेतील भाषण)



ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून चेंगन्नूरपर्यंत आणल्या आणि अडकलेल्या हजारोंना बाहेर काढले. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा फोटो काढले. आज ते जुन्या मोबाईलमध्ये पडून आहेत.

आपल्या कायद्याप्रमाणे फोटोचा स्वामित्वहक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. तेवढ्या काळात परवानगी कुणाकडे मागणार? २००४ साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने फोटो दिला, तर आपले नाव देऊन तो कुणीही छापू शकतो. हक्क आपलाच राहतो. पण दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

म्हणून फोटो स्वतः काढलेलेच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले नकोत. गाव आणि तारीख लिहा. छावणीतल्या माणसांचे चेहरे दिसत असतील, तर आधी त्यांना विचारा. ते नको म्हणाले, तर तो फोटो घरीच राहू द्या.

पाणी किती चढले याची नोंद सरकारदरबारी आहे. शेजारी शेजाऱ्यासाठी कसा धावला, ही नोंद मात्र आपल्याच हाती आहे.

गणपती बाप्पा मोरया!