बाळंतिणीचे बेचाळीस दिवस

मेहरूणला माहेरी लेक बाळंतपणाला आली, की शेजारपाजारच्या बाया विचारपूस करायला येतातच. आज त्यांच्यासाठी एक काम सांगायचं आहे: ही बातमी आशाताईंच्या कानावर घाला. सासरच्या गावी नोंद झालेली लेक इथल्या यादीत नसते.

दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेटतात. झोळीच्या काट्यावर वजन करतात, ताप पाहतात, पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. शांत बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले, बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा बाळंतिणीला जास्त रक्त जाऊ लागलं, तर थांबू नका. १०८ला फोन करा.

या गृहभेटींचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांना हे शिकवलं. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०११मध्ये देशाने ही पद्धत स्वीकारली.

बाळंतीण एका घरची असली, तरी तिची काळजी साऱ्या गल्लीची!