विरोधकाचे आसन



पेडणे आणि डिचोली या दोन महालांनी परकीय सत्तेचा जाच पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. म्हणूनच आजचा विषय येथे मांडणे आम्हांस उचित वाटते. लोकांच्या प्रतिनिधीने सत्तेविरुद्ध तोंड उघडले, तर हुकूमशाही त्याचे काय करते, आणि त्यात आपले काय जाते, हा तो विषय होय.

जुलै 1930 मध्ये गोव्याच्या गव्हर्नमेंट कौन्सिलात लुईश द मिनेझिश ब्रागांझ हे एक गृहस्थ उभे राहिले. पोर्तुगालमध्ये सालाझारचा उदय होत होता आणि वसाहतींना कायमचे दुय्यम ठरविणारा ‘आक्तु कोलोनियाल’ हा कायदा पुढे आला होता. आपले भवितव्य ठरविण्याचा हक्क या भूमीने सोडलेला नाही, अशा आशयाचा ठराव त्यांनी मांडला. त्यांच्या हाती ना फौज होती ना खजिना. होते ते केवळ एक आसन आणि एक वाणी. तेवढीही त्या राजवटीस सहन झाली नाही. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र पुढे बंद पाडण्यात आले. 1938 मध्ये ते निवर्तले. लिस्बनच्या राष्ट्रसभेत गोव्याचा प्रतिनिधी असे खरा. परंतु सालाझारच्या उभ्या कारकिर्दीत त्या सभेत विरोधी पक्षाचा एकही सभासद बसू शकला नाही. देव्हारा होता, देव मात्र नव्हता!

1955 साली सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरू लागल्या. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला याच पेडणे महालात, पत्रादेवीच्या सीमेवर, कर्नैलसिंग या पंजाबी युवकाने छातीवर गोळी झेलली. त्याच्या आधी, जुलैमध्ये, मधु लिमये हे पुण्याचे तरुण समाजवादी कार्यकर्ते पेडण्यास पकडले गेले. पोलिसांनी त्यांस बेदम मारले. पुढे लष्करी न्यायासनाने त्यांस 12 वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. त्यांनी ना बचाव केला ना अपील. त्रिदिबकुमार चौधरी हे तर त्या वेळी बंगालमधून निवडून आलेले लोकसभेचे विद्यमान सभासद, आणि तेही विरोधी बाकावरचे. त्यांसही आग्वादच्या किल्ल्यात डांबण्यात आले. 1957 मध्ये या सर्वांची सुटका झाली.

येथवरची कथा परक्या सत्तेची झाली. परंतु परका गेला म्हणजे धोका गेला, असे मानणे हा भोळेपणा होय. तेच मधु लिमये 1964 साली बिहारातील मुंगेरहून लोकसभेत गेले आणि आपल्या प्रश्नांनी त्यांनी मंत्र्यांस घाम फोडला. जून 1975 मध्ये आणीबाणी पुकारली गेली. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई यांच्यासह विरोधी पुढारी रातोरात पकडले गेले आणि लवकरच लिमयेही ‘मिसा’खाली स्थानबद्ध झाले. ज्या देशासाठी पेडण्यास मार खाल्ला, त्याच देशाच्या तुरुंगात, लोकसभेचे सभासद असताना, त्यांनी सुमारे दीड वर्ष काढले. 1976 मध्ये लोकसभेची मुदत संपत आली, तेव्हा सरकारने ती एका वर्षाने वाढवून घेतली. लोकांनी न दिलेले वर्ष आम्ही भोगणार नाही, असे मानून लिमये आणि शरद यादव यांनी तुरुंगातूनच राजीनामे दिले. आसनाची प्रतिष्ठा आसन सोडून राखणारी ही माणसे!

जगाचा अनुभवही निराळा नाही. इटलीत माटेओटी या विरोधी सभासदाने 30 मे 1924 रोजी निवडणुकीतील गैरप्रकार सभागृहात उघड केले. 10 जूनला त्यांस पळवून नेऊन ठार करण्यात आले. म्यानमारमध्ये 1 फेब्रुवारी 2021 रोजी नवी संसद भरावयाची होती. त्याच पहाटे सेनेने निवडून आलेल्या नेत्यांस पकडले.

सभासद तुरुंगात गेला की त्याच्या पाठीमागच्या हजारो मतदारांचे तोंड बंद होते. ज्याने विरोधकास मत दिले नाही, त्याचेही नुकसानच होते. कारण उद्या सरकार चुकले तर विचारणारा उरत नाही.

हे आम्ही पराभव पचविलेल्या लोकांपुढे बोलत आहो. डिसेंबर 1963 च्या निवडणुकीनंतर गोव्याच्या पहिल्या विधानसभेत भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तर डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते. विलीनीकरणावरून दोघांत हाडवैर म्हणावे असा वाद होता. तरीही सिक्वेरांची वाट आग्वादकडे वळली नाही. ती सभागृहाकडेच राहिली. 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. पेडणे-डिचोलीकडे विलीनीकरणाची ओढ मोठी होती. परंतु ते 34,021 मतांनी नाकारले गेले. मने दुखावली, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले. पण हरलेल्यांस कोणी तुरुंगात धाडले नाही आणि त्यांचे प्रतिनिधी सभागृहात बोलतच राहिले. आग्वाद सोसलेल्या भूमीची ही खरी कमाई होय.

तेव्हा आपला प्रतिनिधी पकडला गेला म्हणजे रडावे आणि दुसऱ्याचा पकडला गेला म्हणजे पेढे वाटावे, हे आपणांस शोभणारे नाही. अपराध केला असेल तर सभासदासही शिक्षा व्हावी. पण उघड न्यायालयात, पुराव्यानिशी. केवळ बोलला म्हणून त्याच्या हाती बेड्या पडल्या, तर तो कोणत्या पक्षाचा हे न विचारता पहिला निषेध आपल्या गावातून निघावा. आज ज्याच्या आसनाचे रक्षण आपण करू, त्याच आसनावर उद्या आपला माणूस बसावयाचा आहे.