बार्शी लाइट रेल्वे : जतन कशाचे करायचे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



संस्थेचे जुने दप्तर कोणीतरी निगुतीने सांभाळले, म्हणूनच पन्नास वर्षांचा आलेख आज आपल्याला मांडता येतो. आपल्या परिसराचेही असेच एक दप्तर आहे. त्याचे नाव बार्शी लाइट रेल्वे.

मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीची भरभराटीची बाजारपेठ बाजूला ठेवून गेला. आजच्या कुर्डुवाडी स्थानकाला 'बार्शी रोड' हे नाव मिळाले, परंतु तेथून बार्शीपर्यंतचा माल बैलगाड्यांनीच वाहावा लागे. ही अडचण हेरून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या लोहमार्गाची योजना आखली. १८९५ साली कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही सुमारे २१ मैलांची वाट खुली झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. एकूण लांबी २०२ मैल झाली.

कॅलथ्रॉप यांचे सूत्र साधे होते. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेल्या पहिल्या इंजिनांचे वजन म्हणूनच अनेक चाकांवर विभागलेले होते. भार वाटून घेतला की हलक्या रुळांवरूनही मोठे ओझे नेता येते, हा त्या गाडीचा धडा मला आजही मोलाचा वाटतो.

१९५४ साली ही रेल्वे शासनाच्या ताब्यात आली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. लातूरचा नवा मार्ग तर जुनी वाट सोडून धाराशिवमार्गे वळला. त्यातून सोय झाली, याबद्दल तक्रार नाही. पण बदलाच्या धामधुमीत आपण काय टाकून दिले?

येथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या वडिलांचे आडतीचे दुकान होते. लातूर-बार्शी मालाच्या रेल्वे पावत्यांचे गठ्ठे माळ्यावर होते. त्यांवर मालाचा प्रकार, वजन, भाडे, स्थानकांची नावे, सारे नोंदलेले असे. घराला रंग देताना मी ते स्वतःच्या हाताने रद्दीत घातले. पुढे एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, या गाडीने कोणता माल किती जात होता?" त्या वेळी मी निरुत्तर झालो. रद्दीचे किती पैसे आले, तेही आता आठवत नाही.

याच कॅलथ्रॉप यांच्या सहभागाने इंग्लंडमध्ये लीक-मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे बांधली गेली. ती १९०४ ते १९३४ अशी जेमतेम तीस वर्षे चालली. रूळ उखडल्यावर १९३७ साली तिच्या वाटेची पायवाट झाली. हल्म एंड या खेड्यातील जुन्या स्थानकात आज अभ्यागतांना त्या रेल्वेची ओळख करून दिली जाते. तीस वर्षांच्या गाडीला एवढा मान मिळतो. आपली गाडी तर शतकाहून अधिक काळ धावली!

नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली नॅरोगेज संग्रहालय उभे राहिले. तेथे इंजिने पाहावयास मिळतात. मात्र लहान गावाच्या संग्रहालयाला आरंभी इंजिन लागत नाही. एक कोरडी खोली, दोन कपाटे आणि एक नोंदवही पुरेशी आहे. कंदील, तिकीट, पावती, छायाचित्र, जे येईल त्यापुढे ते कोणी दिले, कोठे व केव्हा वापरले, हे लिहावे. त्याहून निकडीचे काम म्हणजे निवृत्त चालक, गँगमन व कुर्डुवाडीच्या कारखान्यातील कारागीर यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवणे. वस्तू थांबतील, माणसे थांबणार नाहीत.

आपणांस एकच विनंती आहे. घरी गेल्यावर माळा एकदा उघडून पाहा. काही सापडले तर रद्दीवाल्याच्या आधी आम्हाला कळवा. भार थोडा थोडा वाटून घेतला, तर हे ओझेही पेलेल.