जोतीरावांचे शाळासोबती



हरभरा-गहू घरी आला, पेरणीला अजून अवकाश आहे, म्हणून आपण संध्याकाळच्या गारव्याला येथे जमला आहात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांस बोलावयाचे म्हणजे पगारवाढ आणि बोनस यांवरच, असा पुष्कळांचा समज असतो. आज आम्ही एका शाळेविषयी बोलणार आहो. शेवटी गिरणीच्या दाराशी येऊन पोहोचलो तर आपण सांभाळून घ्यावे.

पुष्कळ शाळांत दर्शनी भिंतीवर एक फळा असतो. त्यावर गुणवंत माजी विद्यार्थ्यांची नावे रंगवलेली असतात. कोणी डॉक्टर झाला, कोणी मामलेदार, कोणी परदेशी गेला. आम्ही असा फळा दिसला की उभे राहून वाचतो. त्यात वाईट काही नाही. पण प्रत्येक नाव एकटे असते. त्याच्याबरोबर वर्गात कोण होते, हे फळा सांगत नाही. आमच्या मते शाळेची खरी कमाई तेथेच असते.

पुण्यात स्कॉटिश मिशनची मुलांची शाळा होती. सरकारी नव्हे, पाद्र्यांनी चालविलेली. १८४१ साली तेथे एका फुलमाळ्याचा मुलगा दाखल झाला. वय चौदा, लग्न आदल्याच वर्षी झालेले. आधी तो मराठी शाळेत जात असे. पण शिकून मुलगा बिघडेल, असे कोणीतरी बापाच्या मनात भरविले आणि गोविंदरावांनी त्याला काढून मळ्यात घातले. त्याचे वाचन पाहून शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी बापाची समजूत घातली. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, आणि मधे आईवेगळे हिंदू पोर! हे दोघे शेजारी नसते तर जोतीराव फुले हे नाव आपणांस कळले नसते. असे शेजारी कोणत्याही फळ्यावर नसतात.

त्या शाळेत जोतीरावांना जे सोबती मिळाले त्यांत सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे हे होते. तिघेही ब्राह्मण. ज्या काळी माळ्याच्या हातचे पाणी घेण्याला हरकत होती, त्या काळी ही मुले एका खोलीत बसून एकच धडा गिरवीत होती. पाद्र्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवावयाचे कारण नाही. पण ही मुले ख्रिस्ती झाली नाहीत. त्यांनी इंग्रजी विद्या घेतली, पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक जोतीरावांच्या हाती पडले, आणि १८४७ साली त्यांचे शिक्षण संपले.

पुढच्याच वर्षीची गोष्ट आपण ऐकली असेल. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव चालत होते, आणि शूद्र असून आमच्या बरोबरीने चालतोस काय, म्हणून वऱ्हाडींनी त्यांना अपमानून घालविले. वर्गात जी बरोबरी चालली ती रस्त्यावर चालली नाही. कारखान्यातही आम्ही हे पाहतो. पाळीवर दोघे एका यंत्राशी उभे असतात, घाम एकच गाळतात, आणि भोंगा झाला की आपापल्या वस्तीकडे तोंड फिरवून जातात. नुसत्या एकत्र बसण्याने माणसे एक होत नाहीत, ही गोष्ट मैत्रीचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

परंतु येथेच आमच्या विषयाचा खरा भाग सुरू होतो. अपमान जोतीरावांचा झाला होता. गोवंडे, वाळवेकर, परांजपे यांचे काही गेले नव्हते. त्यांनी नोकरी धरून, जातीत मान राखून सुखाने राहावे, असाच रिवाज होता. त्यांनी काय केले? जोतीराव गोवंड्यांबरोबर अहमदनगरला गेले आणि तेथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आले. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंना प्रथम अक्षरे घरी जोतीरावांनी दिली. त्यापुढील शिक्षण देणाऱ्यांत हेच सखाराम परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर होते. जरा डोळ्यांसमोर आणा. १८४०-५० चे पुणे, आणि एक ब्राह्मण तरुण आपल्या शाळासोबत्याच्या बायकोला शिकवीत आहे! तेव्हाच्या लोकांनी काय काय बोलले असेल, ते येथे बसलेल्या आयाबहिणींना आम्ही सांगावयास नको. १८४९ साली तर प्रत्यक्ष बापाने जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढले.

१८५३ साली महार-मांगांच्या मुलांना शिकविण्यासाठी मंडळी स्थापन झाली, तिच्यातही हे सोबती होते. ज्यांची सावली चालत नसे त्यांच्या पोरांसाठी वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, सरकारदरबारी अर्ज लिहिणे, ही कामे कोणी तरी करावयाची असतात. आम्ही तीस वर्षे युनियनची पावतीपुस्तके सांभाळली आहेत, म्हणून सांगतो, की सभा गाजविणारा एक असतो आणि त्याच्यामागे हिशेब लिहिणारे दोन-तीन असतात. ते गेले की चळवळ महिन्यात बसते. पुढे गोवंड्यांचे नाव जोतीरावांच्या चरित्रापुरते उरले. वाळवेकर-परांजप्यांचे तितकेही उरले नाही.

जोतीराव स्वतः मात्र आपली शाळा विसरले नाहीत, आणि तिच्याबाहेर राहिलेले तर मुळीच विसरले नाहीत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी होती. खासगी शाळेत शिकलेल्या माणसाने सर्वांच्या शाळेसाठी भांडावे, यात विशेष आहे. आजकाल उलट दिसते. सरकारी शाळेत शिकून मोठे झालेले आपली मुले मोठ्या फीच्या शाळेत घालतात आणि गावच्या शाळेत पट कमी म्हणून हळहळतात.

आता गिरणीच्या दाराशी येतो. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. त्यात नारायण मेघाजी लोखंडे आले. जोतीरावांच्या शाळेत ते नव्हते, वयाने वीसेक वर्षांनी लहान. पण तिच्यातून निघालेल्या विचाराचे विद्यार्थी होते. आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई, तेथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत माणसे राबत. लोखंड्यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रिया उभ्या राहून बोलल्या.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जोतीराव तेव्हा पुण्यात होते, पक्षाघाताने उजवा हात गेलेला; डाव्या हाताने लिहीत होते. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ते गेले. आपण उद्या आपल्या शाळेवरून जाल तेव्हा फळ्यावरील कोणतेही एक नाव घ्या, आणि त्याच्या वर्गात आणखी कोण होते ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. अजून सांगणारी माणसे आहेत.